मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प: उत्पन्न कशातून, प्राधान्य कशाला

मुंबई महापालिकेचे आयुक्त भूषण गगराणी यांनी ४ फेब्रुवारी २०२५ रोजी मांडलेला ७४,४२७ कोटी रुपयांचा अर्थसंकल्प गोवा राज्याच्या वार्षिक अर्थसंकल्पाच्या दुपटीहूनही मोठा आहे. एवढा पैसा हाताशी असलेली महापालिका देशात दुसरी नाही. त्यामुळे या शहराला मिळणाऱ्या सेवांचे परीक्षण करताना ‘निधी नाही’ ही सबब बाजूला ठेवावी लागते आणि हा निधी येतो कोठून व जातो कोठे, एवढेच तपासावे लागते. माझ्या मते या अर्थसंकल्पाची खरी दुखरी बाजू खर्चापेक्षा उत्पन्नात आहे.

अपेक्षित महसुली उत्पन्न ४३,१५९ कोटींचे आहे. त्यातील सुमारे एक तृतीयांश, म्हणजे १४,३९८ कोटी, जकातीच्या बदल्यात राज्य सरकारकडून मिळणारी भरपाई आहे. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाला आणि जकात नाके बंद झाले. तेव्हापासून महापालिकेचा हा सर्वांत मोठा स्रोत तिच्या स्वतःच्या हातात राहिलेला नाही. मालमत्ता करातून अपेक्षित रक्कम मात्र केवळ ५,२०० कोटी आहे. ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा कर २०२२ च्या सुरुवातीला माफ झाला. चाळीतून लहान सदनिकेत आलेल्या कुटुंबांना तो दिलासा मिळायलाच हवा होता, परंतु त्यामुळे घटलेल्या उत्पन्नाची जागा घेणारा तितकाच भरवशाचा दुसरा स्रोत उभा राहिला नाही. मालमत्ता कराचे देयक नीट वाचले तर आणखी एक गोष्ट लक्षात येते. सर्वसाधारण कर, जल कर, जललाभ कर, मलनि:सारण कर, वृक्ष उपकर, पथकर अशा ओळींच्या सोबतीने तेथे राज्य शिक्षण उपकर आणि रोजगार हमी उपकरही असतात, आणि या दोन उपकरांची रक्कम महापालिका गोळा करून राज्याकडे भरते. नागरिक मात्र ती सारी रक्कम पालिकेलाच दिली असे धरून चालतो.

उरलेली पोकळी भरून काढली आहे ती बांधकामाने. विकास नियोजन खात्याकडून, म्हणजे मुख्यतः वाढीव चटईक्षेत्राच्या अधिमूल्यातून (जादा बांधकामाच्या परवानगीसाठी विकासक भरतात त्या शुल्कातून), सुमारे ९,७०० कोटी रुपये येतील असा अंदाज आहे. अधिमूल्य एकदाच मिळते, पण त्या मोबदल्यात उभ्या राहिलेल्या इमारतीला पाणी, मलवाहिनी आणि कचरागाडी कायमची पुरवावी लागते. परळ, लालबाग, घाटकोपर, चेंबूर येथील पुनर्विकासाकडे पाहिले की हा ताण डोळ्यांना दिसतो: तीन मजली चाळीच्या जागी टॉवर येतो, गल्लीची रुंदी मात्र तेवढीच राहते. चालू वर्षाची मिळकत म्हणून अधिमूल्य खर्ची घालणे मला म्हणूनच धोक्याचे वाटते.

भांडवली खर्चासाठी ४३,१६२ कोटी, म्हणजे एकूण अर्थसंकल्पाच्या ५८ टक्के रक्कम ठेवली आहे. त्यातील मलनि:सारण प्रकल्पांवरील तरतुदीचे मी मनापासून स्वागत करतो. वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप आणि वर्सोवा येथील सात केंद्रांची मिळून क्षमता दररोज २,४६४ दशलक्ष लिटर असेल, आणि ती पूर्ण झाल्यावर समुद्रात व खाडीत जाणारे सांडपाणी प्रथमच योग्य दर्जाने शुद्ध होऊ शकेल. या कामाच्या उद्घाटनाला गर्दी होत नाही, किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांना मात्र त्याचे मोल ठाऊक आहे. आरोग्यासाठीची सुमारे दहा टक्के तरतूदही योग्यच आहे, कारण केईएम, शीव, नायर आणि कूपर या रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत मुंबईबाहेरून, ठाणे-पालघरपासून पार कोकणापर्यंतचे रुग्ण येतात, आणि त्यांचा भार पालिका कोणताही भेद न करता उचलते. ही या संस्थेची सर्वांत मोठी पुण्याई आहे.

बेस्टच्या वाट्याला आलेली रक्कम पाहून मात्र खेद होतो. वर्सोवा ते दहिसर या किनारी मार्गाच्या पुढील टप्प्यासाठी या एका वर्षात ४,३०० कोटी आणि संपूर्ण बेस्ट उपक्रमासाठी १,००० कोटी, हे प्रमाण समर्थनीय नाही. या मार्गाच्या आधी खुल्या झालेल्या टप्प्यावरून, म्हणजे दक्षिण किनारी मार्गावरून, दुचाकीलाही परवानगी नाही. तो मार्ग प्रामुख्याने मोटारींचा आहे. बेस्टने जाणारा प्रवासी मात्र कमी होत गेलेल्या ताफ्यामुळे थांब्यावर ताटकळतो, आणि मे २०२५ मध्ये किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाल्याने त्याच्यावर दुहेरी भार पडला.

महापालिकेच्या ठेवींबाबत पुष्कळ गैरसमज आहेत. २०२२ मध्ये ९० हजार कोटींच्या पुढे असलेल्या मुदत ठेवी २०२५ च्या आरंभी ८२ हजार कोटींच्या आसपास आल्या. त्यातील मोठा हिस्सा कर्मचाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन आणि कंत्राटदारांच्या अनामत रकमांचा आहे. हाती घेतलेल्या प्रकल्पांची देणी दोन लाख कोटींच्या वर गेलेली असताना या ठेवींना मोकळा पैसा समजणे चूक ठरेल.

७ मार्च २०२२ रोजी नगरसेवकांच्या सभागृहाची मुदत संपल्यामुळे आणि त्यानंतर आयुक्तच प्रशासक असल्यामुळे हा अर्थसंकल्पही प्रशासकांनीच मांडला आणि प्रशासकांनीच मंजूर केला. स्थायी समितीत त्यावर ओळीने चर्चा झाली असती, तर अधिमूल्याच्या प्रश्नाला कोणीतरी निश्चितच हात घातला असता. पुढील अर्थसंकल्पात निदान एक तक्ता द्यावा: कोणत्या विभागातून किती अधिमूल्य मिळाले आणि त्यातील किती रक्कम त्याच विभागाच्या जलवाहिन्या, मलवाहिन्या आणि पदपथांवर खर्च झाली. त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. ही माहिती विभाग कार्यालये आणि इमारत प्रस्ताव खाते यांच्या नोंदींतून जुळवता येईल.