ओपनएसएसएच सर्व्हर: लॉगिन स्लो असेल तर आधी डीएनएस बघा

दूरच्या मशीनवर सुरक्षित लॉगिन करून देणाऱ्या ओपनएसएसएचला मी पाचपैकी साडेचार स्टार देईन. अर्धा का कापला ते जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात लोकांचे तासन्‌तास जातात.

१९९९ पासून ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमची मंडळी हे फुकट देतायत आणि बहुतेक लिनक्स सर्व्हरवर हेच असतं, त्यामुळे याचे गुण मी वेगळे काय सांगणार, रोज वापरतोच आपण. आमच्या ऑफिसात सेंटओएस ६ (लिनक्सचाच एक प्रकार) चं एक जुनं मशीन आहे, त्यावरचं अकाउंट्सचं सॉफ्टवेअर नव्या सिस्टिमवर चालत नाही म्हणून अजून ठेवलंय. ऑफिसचं इंटरनेट कनेक्शन बदललं आणि तेव्हापासून त्या मशीनवर लॉगिन करायला गेलं की पासवर्ड विचारायलाच वीसेक सेकंद लागायला लागले, पण एकदा आत शिरलं की सगळं फास्ट, पिंग व्यवस्थित, सीपीयू रिकामा. असं लक्षण दिसलं की नेटवर्कला किंवा हार्डवेअरला दोष देत बसू नका, सर्व्हर कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत थांबलाय.

होतं काय, तर आपण कनेक्ट झालो की एसएसएचडी (ओपनएसएसएचचा सर्व्हरवर चालणारा प्रोग्रॅम) आपल्या आयपीवरून आपल्या मशीनचं नाव डीएनएसमध्ये (नावं आणि आयपी पत्ते जुळवणारी यंत्रणा) शोधतो, म्हणजे पीटीआर लुकअप, आणि नाव मिळालंच तर ते परत त्याच आयपीवर येतं का तेही तपासतो. नाव नसलं तरी बिघडत नाही, "नाही" असं उत्तर लगेच आलं तर लॉगिन लगेच पुढे जातं. गोची होते ती उत्तरच न आल्यावर. आमच्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ फाइलमध्ये जुन्या कनेक्शनचे दोन नेमसर्व्हर (डीएनएसची उत्तरं देणारे सर्व्हर) तसेच राहिले होते आणि नव्या लाइनवरून ते काही बोलतच नव्हते. डिफॉल्टला प्रत्येकाची ५ सेकंद वाट बघायची आणि अशा २ फेऱ्या, म्हणजे झाले २० सेकंद!

सेंटओएस ६ मध्ये ओपनएसएसएच ५.३ येतं आणि त्यात यूजडीएनएस, म्हणजे हीच नावाची तपासणी करायची एसएसएचडीची सेटिंग, डिफॉल्टला चालू असतं. २०१५ मध्ये आलेल्या ६.८ पासून ते बंद केलंय, आणि माझ्या मते हा अगदी बरोबर निर्णय होता, कारण त्या तपासणीतून सुरक्षा फारशी वाढत नाही आणि त्रास मात्र भरपूर.

अर्धा स्टार कापला तो लॉगसाठी. सर्व्हर डीएनएससाठी थांबलाय हे साध्या लॉगमध्ये कुठेही येत नाही. क्लायंटला (आपल्याकडच्या एसएसएच कमांडला) तीन व्ही (-vvv) लावून चालवलं की गाडी कुठे थांबली ते छान दिसतं (हे फीचर खरंच सुंदर आहे) पण पलीकडे सर्व्हर काय करतोय ते क्लायंटला कळणार कसं? शेवटी सर्व्हरवर टीसीपीडंप (नेटवर्कवरची ये-जा दाखवणारं टूल) लावून डीएनएसचा ५३ पोर्ट बघितला तेव्हा पीटीआरची तीच क्वेरी पुन्हा पुन्हा जाताना दिसली आणि उत्तर शून्य.

आधी नेमसर्व्हर दुरुस्त करा, कारण नुसतं यूजडीएनएस नो केलं तर लॉगिन सुटेल पण यम (सॉफ्टवेअर इन्स्टॉल-अपडेट करणारी कमांड), मेल वगैरे अडकलेलंच राहील. मग यूजडीएनएस नो करा आणि रीस्टार्ट करताना एक सेशन उघडं ठेवा, प्लीज. एसएसएचडीला मोठा टी (-T) देऊन चालवलं की खरी लागू असलेली सेटिंग दिसते. क्लायंट जीएसएसएपीआय-विथ-माइकच्या ओळीवर अडकत असेल तर मामला केर्बेरॉसचा (पासवर्डऐवजी तिकिटावर चालणाऱ्या लॉगिन पद्धतीचा) आहे, क्लायंटच्या कॉन्फिगमध्ये जीएसएसएपीआयऑथेंटिकेशन नो करा, डेबियन आणि रेड हॅटवाले ते स्वतःहून चालू करून ठेवतात. आणि पासवर्ड दिल्यानंतर वेळ लागत असेल तर पॅम (लिनक्सची लॉगिन तपासणारी यंत्रणा) किंवा स्वागताच्या मेसेजची स्क्रिप्ट बघा.

एक मात्र जपा. ऑथोराइज्ड कीजमध्ये (कुठल्या की चालतील त्याची फाइल) एखादी की ठरावीक मशीनवरूनच चालावी म्हणून फ्रॉम लिहून होस्टनेम दिलं असेल तर यूजडीएनएस बंद केल्यावर ती की चालणार नाही, तिथे आधी आयपी टाका.