लिनक्सवर गेमिंग: सिक्युअर बूट चालू ठेवू की बंद?

भाच्याने लॅपटॉपवर विंडोजच्या शेजारी उबुंटू हे लिनक्स टाकलं आणि अडकला तो सिक्युअर बूटपाशी, म्हणजे संगणक सुरू होताना फक्त डिजिटल सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणाऱ्या सेटिंगपाशी.

वेगाचं आधी सांगतो: फरक पडत नाही. स्टीम (गेमचं दुकान) आणि प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं) हे सेटिंग चालू असो वा बंद, सारखेच चालतात. बंद केलं की एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वाढतात, हे विसरा.

खरा फरक कटकटीत. एएमडीचं ग्राफिक्स असेल तर ड्रायव्हर कर्नलमध्येच (लिनक्सच्या गाभ्यातच), सहीसकट येतो. चालू ठेवा आणि खेळा. एनव्हिडियाचं मात्र बघावं लागतं. ड्रायव्हर टाकताना बऱ्याचदा एक नवा पासवर्ड ठरवायला सांगतात, रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो, तिथे ‘एनरोल एमओके’ (सहीची आपली किल्ली नोंदवणं) निवडून तोच पासवर्ड द्यायचा. भाच्याने घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबलं, ड्रायव्हर लोडच झाला नाही. एकदा नीट केलं की पुढच्या कर्नल अपडेटला सही आपोआप होते. बंद ठेवलं तर हे काहीच नाही. आर्चसारख्या डिस्ट्रोवर (लिनक्सच्या आवृत्तीवर) तर सह्यांचं सगळं आपल्याच गळ्यात.

सुरक्षेत चालूच सरस: बूट होतानाच घुसणाऱ्या मालवेअरला अडसर बसतो. ब्राउझरमधून येणाऱ्या भानगडी मात्र त्याने थांबत नाहीत.

आणि विंडोज? बॅटलफील्ड ६ या गेमला तिथे सिक्युअर बूट लागतंच. लिनक्सवर तो चालतच नाही, सेटिंग काहीही ठेवा. शिवाय बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर सिक्युअर बूट बंद करण्याआधी रिकव्हरी की लिहून घ्या.

म्हणून ड्युअल बूटवाल्यांनी (विंडोज आणि लिनक्स दोन्ही असणाऱ्यांनी) चालू ठेवावं. घरातला फक्त लिनक्सचा डेस्कटॉप, आर्च आणि सतत प्रयोग असतील, तर खुशाल बंद.