दोन ऑफर, एक तक्ता: वजनांच्या स्प्रेडशीटचं परीक्षण

करिअरच्या सुरुवातीला हातात दोन ऑफर लेटरं आली की बरेच जण स्प्रेडशीटचा तयार टेम्प्लेट उतरवून घेतात. डावीकडे निकष, शेजारी प्रत्येकाचं वजन (म्हणजे तुमच्या लेखी महत्त्व), पुढे दर ऑफरला 10 पैकी गुण. खाली समप्रॉडक्ट फंक्शन वजन आणि गुणांच्या गुणाकारांची बेरीज करून आकडा देतं. एक्सेल, गूगल शीट्स, लिबरऑफिस कुठेही चालतं आणि नीट भरायला दीड-दोन तास पुरतात. साधन उत्तम आहे, पण तयार टेम्प्लेट जसेच्या तसे वापरू नयेत.

या तक्त्याचा पूर्वज 1772 सालचा आहे आणि तोही नोकरीच्याच निमित्ताने जन्मला. ब्रिटिश राजकारणी लॉर्ड शेलबर्नकडची नोकरी घ्यावी का, असं रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टलीने विचारलं. त्याचा मित्र, अमेरिकन शास्त्रज्ञ आणि मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिनने पत्रातून सल्ला दिला तो रीतीचा: कागदाचे दोन भाग करा, तीन-चार दिवस सुचतील तशी बाजूची आणि विरुद्धची कारणं लिहा, समान वजनाची खोडत जा. प्रीस्टलीने नोकरी घेतली आणि तिथे असतानाच 1774 मध्ये ऑक्सिजन वेगळा केला. त्या रीतीतले तीन-चार दिवस आजच्या टेम्प्लेटमध्ये हरवलेत. लोक एका बैठकीत तक्ता भरतात आणि त्या दिवशीचा मूड गुणांत उतरतो.

टेम्प्लेटचा सगळ्यात मोठा दोष पैशांच्या ओळींत आहे. मूळ पगार, बोनस आणि एकूण पॅकेज अशा तीन ओळी असतात. म्हणजे तीच रक्कम दोनदा मोजली जाते आणि पैशाचं वजन नकळत फुगतं. पैशाला एकच ओळ ठेवा आणि तिचा हिशेब वेगळ्या शीटवर करा.

तिथे वर्षाचा एकच आकडा पुरत नाही. समजा, ऑफर ‘अ’चा पगार 100. ऑफर ‘ब’चा 80, वर वार्षिक बोनस 15 पर्यंत आणि 4 वर्षांत मिळून 40 चे शेअर, पहिला हिस्सा 12 महिने पूर्ण झाल्यावर. कागदावर ‘ब’ 105 दिसते. पण 11 व्या महिन्याअखेर सोडलीत तर ‘अ’मध्ये सुमारे 92 हाती लागतात, ‘ब’मध्ये 73, कारण शेअर मिळत नाहीत आणि बोनसही बहुधा बुडतो. दोन वर्षं राहिलात आणि बोनस पूर्ण मिळाला तर ‘ब’ 210, ‘अ’ 200. बोनस निम्माच मिळाला तर ‘ब’ 195 वर येते. शेअरचा भाव स्थिर धरूनही एवढा फरक पडतो. म्हणून 11 महिने, 2 वर्षं आणि 4 वर्षं असे तीन रकाने करा. जॉइनिंग बोनस वेगळा लिहा, कारण वर्षाच्या आत सोडल्यास तो परत करण्याचं कलम सर्रास असतं आणि काही करारांत कर कापण्याआधीची पूर्ण रक्कम मागितली जाते.

दुसरी चूक म्हणजे न चालणाऱ्या अटींना गुण देणं. बॉण्ड, रात्रपाळी, न झेपणारं शहर यांना 2 गुण दिले की बाकीच्या चांगल्या गुणांत ते बुडून जातात. अशा अटी तक्त्याच्या वर ‘हो / नाही’ म्हणून लिहा. एक ‘नाही’ आला की ती ऑफर बाद.

पैशाचे गुण प्रमाणात द्या. जास्त पगाराला 10, तर त्याच्या 95 टक्के पगाराला 9.5. काही टेम्प्लेट सर्वांत कमी रकमेला सरळ 0 देतात, मग 5 टक्क्यांची तफावत दरीएवढी दिसते.

वजनं ऑफरचे तपशील भरण्याआधी ठरवा आणि मग त्यांना हात लावू नका. पहिल्या नोकरीसाठी मी अशी धरेन (टक्क्यांत, म्हणजे बेरीज 10 पैकी येते): काम आणि शिकणं 30, मॅनेजर आणि टीम 25, पैसे 20, कंपनीची आर्थिक स्थिती 15, वेळ आणि प्रवास 10. मॅनेजरला एवढं वजन जास्त वाटेल, पण नवख्याचं काम कोण तपासतं, चुका कोण समजावून सांगतं, यावरच पुढची दोन वर्षं ठरतात.

माहिती नसलेल्या चौकटीत अंदाजाने 5 टाकणं ही सवय फार घातक. चौकट रिकामी ठेवा, पिवळी करा आणि एचआरला लेखी विचारा: पहिल्या सहा महिन्यांत नेमकं काय काम असेल, ही जागा नवी आहे की कोणी सोडून गेलं, गेल्या वर्षी बोनस किती टक्के दिला गेला, नोटीस पिरियड किती. टेम्प्लेटचा खरा फायदा या पिवळ्या चौकटींत आहे.

शेवटी, निकाल किती पक्का आहे हे तपासण्यापुरतीच, वजनं हलवून पाहा. सर्वांत जड निकष 30 वरून 20 वर आणा आणि ते 10 इतरांत वाटा. पहिल्या क्रमांकावरची ऑफर बदलली किंवा फरक अर्ध्या गुणाच्या आतच राहिला, तर दोन्ही बरोबरीच्या समजा. मग उत्तराची मुदत चार-पाच दिवस वाढवून मागा आणि त्या काळात दोन्हीकडच्या होणाऱ्या मॅनेजरशी अर्धा तास बोलून घ्या. त्या बोलण्यानंतर फक्त मॅनेजरची ओळ पुन्हा भरा.