बिडाचा तवा की पत्र्याचा? निवड, सीझनिंग आणि रोजची निगा

पुण्यात तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत जाऊन ‘लोखंडी तवा दाखवा’ म्हटलं की दुकानदार दोन वेगळ्या वस्तू समोर ठेवतो. एक बिडाचा, म्हणजे वितळलेलं लोखंड साच्यात ओतून केलेला. दुसरा पत्र्याचा, म्हणजे पत्रा कापून, दाबून किंवा ठोकून केलेला. दोन्ही काळे, दोन्हींना लोहचुंबक चिकटतं आणि दोन्ही गंजतात. गॅसवर ठेवल्यावर मात्र त्यांचं वागणं अगदी वेगळं असतं.

आमचं मत आधीच सांगतो. घरात रोज पोळ्या आणि भाकऱ्याच होत असतील तर पत्र्याचा घ्या. घावन, आंबोळी, धिरडी, डोसे, थालीपीठ आठवड्यातून दोनदा तरी होत असेल तर बिडाचा घ्या. दोन्ही होत असेल तर दोन तवे घ्या आणि त्यांची कामं एकमेकांत मिसळू देऊ नका. ज्या तव्यावर धिरडं सुटायला हवं, त्यावर रोज कोरडं पीठ जाळलं की त्याचा गुळगुळीतपणा टिकत नाही.

फरक वजनाचा आहे

बिडात साधारण २ ते ४ टक्के कार्बन असतो, तव्याच्या पत्र्यात बहुधा पाव टक्क्याहूनही कमी. त्यामुळे बीड ठिसूळ आणि पत्रा लवचिक. बिडाचा तवा शहाबादी फरशीवर पडला तर तडकतो किंवा त्याचा टवका उडतो; पत्र्याच्या तव्याला पोचा येतो. ठिसूळ असल्यामुळेच बीड जाड ओतावं लागतं. २५ सेंटिमीटर व्यासाचा आणि ५ मिलिमीटर जाडीचा बिडाचा तवा मुठीसकट साधारण २ किलो भरतो. तेवढाच २ मिलिमीटर पत्र्याचा तवा मुठीशिवाय पाऊण किलोच्या आसपास.

तव्यात साठणारी उष्णता वजनाच्या प्रमाणात असते, म्हणजे सारख्याच तापलेल्या दोन तव्यांपैकी बिडाच्या तव्यात ती दुपटीहून जास्त. घावनाचं पातळ पीठ ओतलं की त्यातलं पाणी तापायला आणि वाफ व्हायला खूप उष्णता ओढून घेतं. पातळ पत्रा त्या क्षणी गार पडतो, पीठ धरण्याऐवजी चिकटतं आणि जाळी पडत नाही. बीड तो धक्का सोसतं. थालिपिठालाही हेच लागू: झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटं राहायचं असेल, तर आच एकसारखी ठेवणारा जाड तवाच हवा.

पोळीचं गणित उलटं आहे. पहिली पोळी टाकल्यावर आच वाढवायची, लाटायला वेळ लागला की कमी करायची, हे सतत चालू असतं. पत्रा ते लगेच ऐकतो. बीड एकदा जास्त तापलं की निवायला बराच वेळ घेतं. तोवर सांडलेलं पीठ जळतं, पोळीवर काळे ठिपके येतात आणि ती कडक होते. बिडावर चांगल्या पोळ्या होतात, पण आच एकदा बसवून सलग लाटत राहणाऱ्यालाच. भाकरीला तर किंचित खोलगट पत्र्याचा तवा सोयीचा, कारण ती उलटून फुगवताना तवा पटकन बाजूला करावा लागतो. दोन किलोचा तवा एका हाताने दहा वेळा उचलणं मनगटाला झेपत नाही. घरातल्या वयस्कर माणसांसाठी निवड करताना हे आधी बघा.

बीड ‘सगळीकडे सारखं तापतं’ असं दुकानात सांगतात, ते खरं नाही. उष्णता वाहून नेण्यात ॲल्युमिनियम बिडाच्या चौपट सरस आहे. छोट्या बर्नरवर मोठी आच केली तर बिडाचा मध्यभाग धुरावतो आणि कडा कोमट राहतात. म्हणून मोठ्या बर्नरवर, मंद ते मध्यम आचेवर ७-८ मिनिटं तापवायचं आणि मधे एकदा तवा फिरवायचा. पाण्याचे थेंब शिंपडल्यावर ते चुर्र होऊन उडाले तर तवा तयार. थेंब गोळ्या होऊन तव्यावर पळू लागले तर तो जास्त तापलाय. आच कमी करून दोन मिनिटं थांबा.

इंडक्शनवर दोन्ही चालतात, पण बूड सपाट हवं. खोलगट पत्र्याचा तवा तिथे निरुपयोगी. सुरुवात कमी वॅटवर करा. एकदम पूर्ण ताकद दिली तर कॉइलवरचा भाग फुगू पाहतो आणि कडा गारच राहतात. त्यात बीड तडकू शकतं, पत्रा वाकतो आणि मग कायमचा डुगडुगतो.

दुकानात काय बघायचं

तवा काचेच्या काउंटरवर ठेवून चारी बाजूंनी दाबा. हलला तर घेऊ नका. बिडाचा तवा मुठीला धरून उलथन्याने हलकेच ठोका: स्वच्छ घणघणला तर ठीक, आवाज बद्द आला तर कुठेतरी चीर आहे. आतल्या बाजूला बारीक खड्डे असतील तर त्यांत पीठ अडकणार. वाळूच्या साच्याचा बारीक खरखरीतपणा मात्र दोष नाही. वापराने तो भरून येतो. उलट मशीनवर आरशासारख्या घासलेल्या तव्यावर सुरुवातीचे तेलाचे थर नीट धरत नाहीत, तिथे जास्त धीर लागतो. पत्र्याच्या तव्यात जाडी बघा. दीड मिलिमीटरपेक्षा पातळ तवा लवकर वाकतो. मूठ रिबिटाची असेल तर ती हलवून पाहा.

‘प्री-सीझन्ड’ लिहिलेला, म्हणजे कारखान्यातच तेलाचा थर तापवून चढवलेला बिडाचा तवा घेतला तर सुरुवातीची घासाघीस वाचते, एवढाच फायदा. त्यावरही घरी दोन थर चढवावेच लागतात. इनॅमल चढवलेलं बीड गंजत नाही आणि त्यात आंबट रस्सा चालतो, पण कोरडं तापवलं किंवा धातूचं उलथनं लावलं तर इनॅमलचे टवके उडतात. ते पातेल्यासाठी ठीक, तव्यासाठी नाही.

सीझनिंग: तेल कातडीसारखं धरायला हवं

तेलाचा अगदी पातळ थर खूप तापला की त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि धातूला घट्ट धरून बसणारा कोरडा, काळा थर तयार होतो. तवा रापतो तो असा. यावरून दोन गोष्टी ठरतात: कोणतं तेल आणि किती.

खोबरेल आणि तूप इथे उपयोगाचे नाहीत. त्यांतली चरबी मुख्यतः संपृक्त असते, ती गुंफली जात नाही, चिकट राहते. जवसाचं तेल सगळ्यांत भराभर सुकतं आणि काचेसारखा सुंदर थर देतं, म्हणून त्याची खूप शिफारस होते. पण तो थर कडक आणि ठिसूळ असतो. काही महिन्यांत त्याचे पापुद्रे सुटून घावनाला लागतात. आम्ही रिफाइंड सूर्यफूल किंवा करडईचं तेल सुचवतो. करडई चांगली सुकते, इतकी की ती रंगातही वापरली जाते. शेंगदाण्याचं तेल चालतं, फक्त थर थोडे जास्त द्यावे लागतात. घाण्याचं तेल लवकर धुरावतं आणि त्यात गाळ असतो, म्हणून पहिल्या थरांना रिफाइंड बरं.

नवा तवा आधी गरम पाणी, भांड्यांचं लिक्विड आणि तारेच्या घासणीने दोनदा घासून काढा. गंजू नये म्हणून कारखान्यात लावलेलं तेल किंवा मेण निघालंच पाहिजे. ते राहिलं तर वरचा थर त्याच्यासकट सुटतो. तांदळाच्या धुवणात तवा भिजत ठेवायची जुनी रीत आहे. धुवण आंबल्यावर त्यातलं सौम्य आम्ल गंज आणि मळ सैल करतं, त्यामुळे ती चुकीची नाही. मात्र एका रात्रीपेक्षा जास्त ठेवलं तर तवा उलट गंजतो.

धुतल्यावर लगेच पुसा आणि मंद आचेवर ५ मिनिटं ठेवा. तवा हाताला गरम लागेल इतपत असताना अर्धा चमचा तेल दोन्ही बाजूंना, कडांना आणि मुठीला चोळा. आता दुसरं कोरडं सुती फडकं घ्या आणि तेल लावलंच नव्हतं असं समजून पुसून काढा. बहुतेकांचं इथेच बिघडतं, कारण तेल जास्त राहिलं तर थर जाड होतो आणि मधासारखा चिकटतो.

यापुढे दोन रस्ते. गॅसवर: मध्यम आचेवर तवा फिरवत राहा, धूर येईल, तो थांबेपर्यंत १० ते १५ मिनिटं द्या, कोमट होऊ द्या आणि पुन्हा तेल लावा. असे ४-५ थर. ओटीजीमध्ये, म्हणजे घरगुती विजेच्या ओव्हनमध्ये: तवा उपडा, खाली ट्रे, २३० अंश सेल्सिअसवर १ तास, मग आतच गार होऊ द्यायचा. असे ३ थर. ओटीजीत कडा आणि मूठही सारखी रापते, म्हणून बिडासाठी तोच रस्ता चांगला. पण घरगुती २५-३० लिटरच्या ओटीजीत मुठीचा मोठा तवा सहसा मावत नाही. तवा घेण्याआधी आतली रुंदी मोजा. लाकडी किंवा प्लॅस्टिकची मूठ असेल तर आधी काढा. दोन्ही रस्त्यांत धूर होतो, खिडक्या उघड्या ठेवा.

पत्र्याचा पोळीचा तवा असेल तर इतका खटाटोप नको. दोन थर गंजापासून वाचवायला पुरेत. रोजच्या कोरड्या आचेत थर तसाही झिजतो आणि पोळी त्यावाचूनही सुटते.

पहिले आठ-दहा वापर बिडाच्या तव्यावर तेलकट पदार्थच करा: कांदा परतणं, थालीपीठ, तव्यावरचे बटाट्याचे काप. घावनाची घाई नको. अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवतात, त्याने तव्यावरचे कण निघतात आणि तेल पातळ पसरतं. नुसत्या कांद्याने तवा रापत नाही. टोमॅटो, चिंच, आमसूल, ताक घातलेलं काहीही थर नीट बसेपर्यंत टाळा, आणि नंतरही त्यात शिजवून तसंच ठेवू नका. आम्ल थर खातं, पदार्थ काळवंडतो, तोंडात धातूची चव येते. केळफूल, वांगी लोखंडात काळी पडतात ती त्यांच्यातल्या तुरट द्रव्याची लोहाशी क्रिया होऊन. खायला ती वाईट नसतात.

रोजची निगा आणि पुण्याचा पावसाळा

साबण चालतो. भांड्यांच्या लिक्विडने रापलेला थर निघत नाही. तो जातो भिजत ठेवल्याने आणि हिरव्या खरखरीत घासणीने. भांडी घासायला मावशी येत असतील तर तवा सिंकमध्ये जाऊच देऊ नका. तो सकाळपर्यंत खरकट्या पाण्यात पडून राहतो आणि नारिंगी होऊन परत येतो. तवा कोमट असताना स्वतःच नायलॉनच्या ब्रशने दोन मिनिटांत धुवा. काही चिकटलंच तर एक चमचा जाडं मीठ आणि कोरडं फडकं घेऊन घासा. तापलेल्या बिडावर गार पाणी ओतू नका, तडकायचं ते मुख्य कारण.

धुतल्यावर फडक्याने पुसणं पुरत नाही. गॅसवर २ मिनिटं ठेवा, मग ३-४ थेंब तेल चोळून पुसून काढा. शहराच्या अनेक भागांत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं. ते जड असेल तर तवा आपोआप वाळल्यावर त्यावर पांढरे डाग राहतात, हे तिथल्या लोकांनी ध्यानात ठेवावं. जून ते सप्टेंबर तवा बंद कपाटात ठेवू नका. एकावर एक ठेवायचे असतील तर मधे वर्तमानपत्र घाला, ते ओल शोषून घेतं. पंधरा दिवस वापर होणार नसेल तर तेल अजूनच कमी. जास्त तेल त्या काळात खवट होतं आणि पहिल्या धिरड्याला वास येतो.

बिघडलं तर

तवा चिकट झाला असेल तर तेल जास्त झालं किंवा आच कमी पडली. उपडा करून २३० अंशांवर आणखी एक तास द्या. तरीही चिकट राहिला तर घासून पुन्हा सुरुवात. पापुद्रे सुटत असतील तर वरून तेल लावून झाकू नका. सैल झालेलं सगळं तारेच्या घासणीने काढा, मगच नवे थर. वरवरचा गंज काथ्या आणि थोड्या तेलाने निघतो. खोल गंजाला व्हिनेगर आणि पाणी समभाग घ्या, तवा त्यात बुडवा आणि दर अर्ध्या तासाला बघा. गंज सुटला की लगेच बाहेर काढा, कारण त्यानंतर आम्ल धातूच खायला लागतं. मग धुऊन, आचेवर वाळवून त्याच तासात पहिला थर चढवा. उघडं लोखंड दमट हवेत बघता बघता पुन्हा नारिंगी होतं. जुना थर काढायला तवा निखाऱ्यांत टाकायची पद्धत पत्र्याला एकवेळ सोसते, बिडाला नाही. ते तडकतं किंवा त्याचा पृष्ठभाग लालसर होऊन पुढे तेल धरत नाही.

लोखंडात शिजवल्याने अन्नात लोह उतरतं, आंबट पदार्थात सगळ्यांत जास्त. बहुतेक घरांत ते चांगलंच. पण घरात थॅलेसेमियाचा रुग्ण असेल किंवा कोणाच्या शरीरात लोह साठत असल्याचं निदान झालं असेल, तर तवा घेण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.