स्वप्रकाशनाचं पॅकेज, ११ महिन्यांनंतर: आचाऱ्याचा आचार्य करून मिळेल

माझी कादंबरी ई-पुस्तक म्हणून काढणाऱ्या या कंपनीच्या पॅकेजमध्ये काय काय येतं ते इथल्या बहुतेकांना पाठ असेल. फाइलचं रूपांतर, मुखपृष्ठ, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), दोन दुरुस्त्या फुकट आणि ‘विपणन साहाय्य’. ते परत उगाळत नाही. मी लिहायला बसलोय तो एका वाचकाच्या निरोपामुळे. ‘कादंबरी आवडली. एकच कळलं नाही, वसतिगृहाचे आचार्य पहाटे चारला उठून भांडी का घासतात?’

माझ्या कादंबरीत आचार्य नाहीत. आचारी आहे.

प्रकाशित झाल्यापासून मी स्वतःचं पुस्तक उघडलं नव्हतं. लिहिणाऱ्यांना कारण सांगायला नको. त्या रात्री उघडलं. ‘आचार्याने झारा आपटला.’ पुढच्या पानावर ‘पोरगा रोज दोन दर्या उतरून शाळेत यायचा.’ मी लिहिल्या होत्या दऱ्या. हा पोरगा पोहत येतोय. दुसऱ्या, खऱ्या, पायऱ्या, बऱ्याच, सगळ्या शब्दांतला तो आडवा अर्धा र उडून य च्या डोक्यावर रफार बसलेला. रात्री दीडपर्यंत पेन्सिलने रेघा मारत मोजलं. २६३.

तक्रार नोंदवली. पहिलं उत्तर: ब्राउझरची कॅश साफ करून पाहा. दुसरं: आमच्या स्क्रीनवर बरोबर दिसतंय. तिसरं: कृपया पृष्ठ क्रमांक कळवा. ई-पुस्तकात अक्षर मोठं केलं की पानं बदलतात, हे पुस्तकं विकणाऱ्यांना मी समजावून सांगायचं! दर वेळी खाली ‘आपला अनुभव आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ आणि दर वेळी वेगळ्या माणसाचं नाव.

नवव्या दिवशी ‘दुरुस्ती पूर्ण’ असा संदेश आला. उघडलं. आचारी परत आचारी झालेला, पोरगा दऱ्या उतरतोय. बरं वाटलं. मग तिसऱ्या प्रकरणात ‘मऱ्यादा’ दिसली. पुढे ‘पऱ्याय’. मुख्याध्यापकांची ‘भाऱ्या’. यांनी काय केलं असेल ते तुमच्या लक्षात आलंच असेल: अख्ख्या पुस्तकात र्या शोधून सरसकट ऱ्या केलं. एक बटण दाबलं आणि चहाला गेले.

आणि ही माझी दुसरी फुकट दुरुस्ती म्हणून धरली गेली. पहिली मी अर्पणपत्रिकेतली वेलांटी सुधारण्यात वापरली होती. म्हणजे त्यांनी घातलेला घोळ निस्तरायला आता मी पैसे मोजायचे. खरं सांगतो, २६३ चुकांनी झोप गेली नव्हती तेवढी या एका ओळीने गेली. इथपर्यंत माझा निकाल एक तारा होता, तोही आयएसबीएन वेळेत मिळाला म्हणून.

(इथून पुढचं तीन आठवड्यांनी लिहितोय.)

थोडं मागे घ्यावं लागतंय. मूळ चुका पुन्हा तपासताना दिसलं, की आठव्या प्रकरणापर्यंतच त्या आहेत. नवव्यापासून शेवटपर्यंत एकही नाही. आठवलं: पहिली आठ प्रकरणं मी जुन्या उच्चारानुसारी कळफलकावर टंकली, मग नव्या लॅपटॉपवर इनस्क्रिप्ट हा सरकारी प्रमाण कळफलक घेतला. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट दाबून र ची कळ दाबली की खालच्या नुक्त्याचा ऱ येतो. त्याला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, स्वतःची जागा आहे, क्रमांक ०९३१. पुढे हलन्त आणि य दिलं की ऱ्य तयार, कोणी पुसू शकत नाही. जुना कळफलक मात्र साधा र, हलन्त आणि मग झीरो विड्थ जॉइनर नावाचं एक न दिसणारं चिन्ह घालायचा. ही दुसरी रीतही युनिकोडला मान्य आहे, त्याच्याच जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून. दोन्ही डोळ्यांना सारख्याच दिसतात. यांच्या रूपांतराच्या यंत्राने ‘अनावश्यक अदृश्य चिन्हं’ म्हणून ते जोडचिन्ह झाडून टाकलं आणि उरला र्य.

म्हणजे अर्धा दोष माझ्या जुन्या कळफलकाचा. पण मराठी पुस्तकांचा धंदा करणाऱ्याने मराठीला लागणारं चिन्ह कचरा समजून झाडावं, हे मी सोडणार नाही. तुम्ही फाइल देणार असाल तर आधी स्वतःच्या मजकुरातला एक जुना ‘र्‍’ उचला, शोधा-बदलामध्ये टाका आणि त्याजागी ‘ऱ्’ घाला. मर्यादेला धक्का लागत नाही, कारण तिच्यात ते जोडचिन्हच नसतं. दोन मिनिटांचं काम. ते करायला मला दहा महिने लागले.

आता विपणन. थोडक्यात उरकतो, कारण तेही त्यांनी थोडक्यातच उरकलं. पाच पोस्टर आली, चारांवर छत्रीतली एकच बाई. कादंबरीत ना पाऊस, ना छत्री. ‘लेखकाची मुलाखत’ झाली, म्हणजे त्यांनी सहा प्रश्न पाठवले, उत्तरं मी लिहिली, आणि ‘लेखनाकडे कसे वळलात?’ हा प्रश्न दोनदा होता. मोफत दिवसांची योजना होती. ॲमेझॉनच्या केडीपी सिलेक्ट या योजनेत ९० दिवसांत ५ दिवस पुस्तक फुकट ठेवता येतं आणि त्या ९० दिवसांत ई-आवृत्ती दुसरीकडे विकायची नसते. यांनी अट तशीच्या तशी उचललीय. त्या ५ दिवसांत ६१२ जणांनी पुस्तक उतरवून घेतलं. अभिप्राय आले ४. त्यातला एक: ‘अजून वाचलं नाही, पण मुखपृष्ठ छान.’

विकत गेलेल्या प्रती सहा महिन्यांत ४७, त्यातल्या १९ घरच्यांच्या.

एक गोष्ट मात्र माझी मलाच कळली आणि ती त्यांच्या एकाही पुस्तिकेत नाही. दुकानात नमुना म्हणून पुस्तकाचा पहिला १० टक्के भाग दिसतो. माझं पुस्तक १८४ पानांचं, म्हणजे नमुना साधारण १८ पानांचा. त्यात शीर्षकपान, हक्क, अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश आणि माझं आठ पानी मनोगत मिळून १३ पानं. अनोळखी वाचकाला कथेची पाच पानं मिळत होती, बाकी वेळ तो माझ्या काकांचे आभार वाचत होता. मनोगत आणि ऋणनिर्देश उचलून शेवटी नेले. त्याआधीच्या महिन्यात २ प्रती गेल्या होत्या, पुढच्या महिन्यात ९. नऊ हा काही आकडा नाही, पण यातला एकही माझा नातेवाईक नाही, मी खात्री करून घेतलीय.

ते मनोगत हलवायला तिसरी दुरुस्ती लागली, हो. पैसे भरले. दात-ओठ खात भरले आणि त्याच फाइलमध्ये मूळ प्रतीवरून सगळे ऱ्य सुधारून दिले, म्हणजे एका पैशात दोन कामं.

(शेवटची भर, कालची.)

भरलेल्या पैशांबद्दल मी पुन्हा एकदा लिहिलं होतं, आशा नव्हती. उत्तर आलं, चार ओळींचं. सुरुवात अशी: ‘तुमच्या दुसऱ्या दुरुस्तीत आमच्याकडून चूक झाली.’ दुसऱ्या. अर्धा र जागच्या जागी. अकरा महिन्यांत त्यांच्याकडून आलेला पहिला शुद्ध ऱ्य! पुढचं वाचायच्या आधीच कळलं की हा माणूस काम करणार. त्याने ती दुरुस्ती माझ्या खात्यातून काढली, तिसरीचे पैसे परत केले आणि जोडचिन्ह झाडणारी पायरी मराठी फाइलींसाठी बंद केली, असं कळवलं. खरं-खोटं तपासायला मी जुनी बिघडणारी फाइल मसुदा म्हणून चढवून पाहिली. आचारी आचारीच राहिला.

म्हणून आता तीन तारे. चौथा देत नाही, कारण सुधारलेली आवृत्ती फक्त नव्या ग्राहकांना मिळते, आधी घेतलेल्यांच्या प्रती तशाच राहतात. माझ्या मावशीकडे जुनीच आहे. तिला म्हटलं, नवी पाठवतो. ती म्हणाली, राहू दे रे, आचार्य म्हटलं की त्या भांडी घासणाऱ्या माणसाला जरा मान मिळतो.