सूर्य-पृथ्वी-चंद्राची लाकडी प्रतिकृती : कललेल्या कड्याचे मोल

ग्रहण कसे घडते हे मुलांना दाखवण्यासाठी गेल्या अडीच वर्षांत मी पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या शालेय साहित्याच्या एका दुकानातून दोन प्रतिकृती विकत घेतल्या. पहिली प्लॅस्टिकची आणि ६५० रुपयांची होती, ती आता माळ्यावर आहे. दुसरी लाकडी, हाताने मूठ फिरवून चालणारी आणि २,४०० रुपयांची आहे. हा अभिप्राय दुसरीविषयी असला, तरी पहिलीत काय चुकले ते सांगितल्याशिवाय दुसरीचे मोल कळणार नाही.

निमित्त घडले ते २०२३ च्या कोजागरीला. २८ ऑक्टोबरच्या त्या रात्री खंडग्रास चंद्रग्रहण होते. आईने वेध पाळायचे म्हणून आटीव दूध संध्याकाळीच सर्वांना देऊन पातेले घासून ठेवले होते. चौथीत शिकणारी माझी पुतणी सई मात्र ग्रहण पाहिल्याशिवाय झोपायला तयार नव्हती. रात्री १ वाजून ५ मिनिटांनी छाया चंद्राला लागली आणि पावणेदोनच्या सुमारास, म्हणजे ग्रहणमध्याला, चंद्राची दक्षिणेकडची जेमतेम एक कड काळवंडली. ‘काका, एवढाच घास का?’ असे तिने विचारले, आणि त्या पाठोपाठ, ‘मग दर पौर्णिमेला थोडा थोडा का नाही?’ असेही विचारले. उत्तर मला ठाऊक होते, पण कागदावर तीन वर्तुळे काढून ते तिला पटेना.

प्लॅस्टिकची प्रतिकृती आणली ती यासाठी. तिच्यात चंद्र पृथ्वीभोवती अगदी सपाट फिरतो, सूर्य, पृथ्वी आणि चंद्र यांची केंद्रे नेहमी एकाच पातळीत राहतात. परिणामी प्रत्येक अमावस्येला सूर्यग्रहण आणि प्रत्येक पौर्णिमेला चंद्रग्रहण होते. जो प्रश्न घेऊन मूल आले, तोच प्रश्न ही वस्तू आणखी गुंतागुंतीचा करते. शिकवण्याच्या साधनात यापेक्षा मोठा दोष मला सुचत नाही, आणि बाजारातील बहुतेक स्वस्त प्रतिकृतींमध्ये मला हाच दोष दिसला.

लाकडी प्रतिकृतीत नेमका हाच दोष काढलेला आहे. बैठकीच्या मध्यभागी दुधी काचेचा दिवा म्हणजे सूर्य, त्यापासून निघालेल्या आडव्या दांड्याच्या टोकाला ६ सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल, आणि त्या गोलाभोवती पितळी तारेचे कडे, ज्यावरून पांढरा मणी, म्हणजे चंद्र, सरकतो. कडे तिरपे बसवलेले आहे. पृथ्वीच्या भ्रमणकक्षेची पातळी ते ज्या दोन जागी छेदते, तिथे एक लाल आणि एक काळा ठिपका रंगवून शेजारी बारीक अक्षरांत ‘राहू’ व ‘केतू’ असे लिहिले आहे. चंद्र दक्षिणेकडून उत्तरेकडे जाताना ज्या बिंदूतून जातो तो राहू आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे येताना लागतो तो केतू. पंचांगात ज्यांची स्थिती दिलेली असते ते राहू-केतू आकाशातले हे दोन छेदनबिंदूच आहेत, हे आमच्या आईलासुद्धा या वस्तूमुळे प्रथमच दिसले आणि ती बराच वेळ ते कडे बोटाने चाचपत राहिली.

कारागिराची खरी हुशारी दांड्याखालच्या रबरी पट्ट्यात आहे. दांडा सूर्याभोवती फिरला तरी हा पट्टा कड्याचा कल एकाच दिशेला रोखून धरतो. त्यामुळे मूठ फिरवत गेले की वर्षातून दोनच वेळा राहू आणि केतू यांना जोडणारी रेषा सूर्याकडे रोखली जाते. त्या दोन हंगामांत मणी सूर्यासमोर आणला की त्याची सावली गोलावर पडते, एरवी ती गोलाच्या वरून किंवा खालून निघून जाते. प्रत्यक्षातही हे हंगाम साधारण १७३ दिवसांच्या अंतराने येतात, आणि वर्षभरात किमान दोन सूर्यग्रहणे पृथ्वीवर कुठे ना कुठे होतातच. हे छेदनबिंदू स्वतःही मागे सरकत १८.६ वर्षांत एक फेरी पुरी करतात. त्यासाठी कड्याच्या तळाशी एक लहान खुंटी दिली आहे, ती हाताने फिरवावी लागते. सईने ती फिरवून कोजागरीची स्थिती लावली. मणी राहूचा ठिपका ओलांडून उत्तरेकडे बराच पुढे गेलेला होता, म्हणून पृथ्वीच्या सावलीची वरची कड त्याच्या खालच्या बाजूला नुसती घासून गेली. ‘एवढाच घास’ का, याचे उत्तर तिने स्वतःच शोधले.

आता उणिवा. सोबतच्या चार पानी मराठी पत्रकात प्रच्छाया (गडद सावली) आणि उपच्छाया (तिच्याभोवतीची फिकट सावली) यांतला फरक नीट समजावलेला आहे, परंतु कड्याचा कल मुद्दाम वाढवलेला आहे ही गोष्ट कुठेही नमूद नाही. चंद्राच्या कक्षेचा खरा कल सुमारे ५ अंशांचा आहे, या प्रतिकृतीत तो कोनमापकाने २० अंश भरला. ही चूक नाही, ती गरज आहे. खऱ्या आकाशात चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर आहे, त्यामुळे ५ अंशांचा कलही त्याला ३४ हजार किलोमीटर वर किंवा खाली नेतो आणि त्याची सावली पृथ्वीला सहज चुकवते. प्रतिकृतीत मात्र मणी गोलाच्या केंद्रापासून केवळ ९ सेंटिमीटरवर आहे. तिथे ५ अंशांचा कल दिला तर तो जेमतेम ८ मिलिमीटर वर जाईल आणि त्याची सावली प्रत्येक अमावस्येला गोलावर पडणारच. अंतर आखडले म्हणून कल वाढवावा लागला, एवढे एक वाक्य पत्रकात हवेच होते, कारण मोजमाप करणारे मूल हा प्रश्न हमखास विचारते.

प्रमाणाबद्दलही पत्रक गप्प आहे. या पृथ्वीगोलाच्या प्रमाणात चंद्र १.६ सेंटिमीटरचा आणि जवळपास १.८ मीटर दूर हवा, तर सूर्य साडेसहा मीटर उंचीचा, दोन मजली घराएवढा, आणि ७०० मीटर लांब हवा. मी हे अंतर शिकवणीच्या मुलांकडून पावलांनी चालून घेतो आणि मगच प्रतिकृती टेबलावर ठेवतो. सूर्य चंद्राच्या सुमारे ४०० पट रुंद आणि जवळपास तितकेच पट दूर आहे, म्हणून आकाशात दोघे सारखे दिसतात, हे त्या चालण्यात अंगात मुरते. चंद्राचे अंतर कमी-जास्त होते आणि दूर असताना तो सूर्याला पूर्ण झाकू शकत नाही, भोवती कंकण उरते, हेही इथे दाखवता येत नाही, त्यामुळे २६ डिसेंबर २०१९ ला केरळ-तमिळनाडूत कंकणाकृती आणि पुण्यात खंडग्रास दिसलेल्या ग्रहणातले कंकण मुलांना तोंडीच समजवावे लागते. रबरी पट्टा दोन महिन्यांत सैल झाला, पण दुकानात नवा ४० रुपयांत मिळाला आणि तिथल्या वयस्कर गृहस्थांनी तो स्वतः बसवून दिला.

वर्गात या प्रतिकृतीसोबत मी एक गोष्ट नेहमी सांगतो, कारण ती आपल्या पुण्याची आहे. १८८८ साली इथल्या सायन्स कॉलेजात, म्हणजे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि आता सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ झालेल्या संस्थेत, महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली आणि प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी ती चालवली. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी ते आपली उपकरणे घेऊन सोलापूर जिल्ह्यातील जेऊरला गेले होते. त्याआधी तीस वर्षे, १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणात, गुंटूर येथे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी सूर्याच्या कडेवरील ज्वालांचा वर्णपट, म्हणजे त्यांच्या प्रकाशाची रंगांत केलेली फोड, पाहिला होता. त्या वर्षी सूर्याच्या वर्णपटात सापडलेल्या पिवळ्या रेषेवरून पुढे हेलियम ओळखला गेला. सूर्याचे तेजस्वी बिंब झाकले गेल्याशिवाय त्याभोवतीच्या प्रभामंडलाचे फिके तेज त्या काळी अभ्यासताच येत नसे, म्हणून दोन-चार मिनिटांच्या काळोखासाठी माणसे महिनोन्‌महिने तयारी करत. हे सांगितल्यावर मुले मण्याची सावली गोलावर पडताना जेऊर कुठे आहे ते शोधू लागतात. गोल लहान असल्याने गाव काही सापडत नाही, पण भीमा नदीचा अंदाज घेऊन ती बोट ठेवतात.

घरात मूल असेल किंवा आपण शिकवत असाल, तर २,४०० रुपये या वस्तूवर जरूर खर्च करावेत असे माझे स्पष्ट मत आहे. विकत घेण्यापूर्वी दुकानातच मूठ एक पूर्ण फेरी फिरवून पाहावी. कड्याचा कल दांड्याबरोबर फिरू लागला तर पट्टा सैल आहे, तो तिथेच बदलून घ्यावा.

२ ऑगस्ट २०२७ ला मोठे खग्रास सूर्यग्रहण आहे. इजिप्तमध्ये लक्सरजवळ ते सहा मिनिटांहून अधिक काळ खग्रास राहील, पुण्यात दुपार उलटल्यावर खंडग्रास असेल, आणि आकाश पावसाळी असण्याचीच शक्यता अधिक. सईने बैठकीवरच्या महिन्यांच्या चकतीवर त्या तारखेला पेन्सिलीने खूण केली आहे आणि खुंटी फिरवून केतूचा काळा ठिपका सूर्याकडे वळवून ठेवला आहे. तो कोणी हलवू नये म्हणून तिने खुंटीला दोरा बांधला आहे.