रोप रेस्क्यूचा ट्रेनर कोर्स: 8 महिने शिकवून झाल्यावर लिहितोय

ऑक्टोबरात कोर्स केला तेव्हाच चारपाच जणांनी विचारलेलं, कसा आहे सांग. पण तेव्हा लिहिलं असतं तर नुसतं भारी भारी म्हणून मोकळा झालो असतो. आता खानापूर भागात 4 बॅच शिकवून झाल्या, पावसाळा तोंडावर आलाय, तर काय ते खरं लिहितो. संस्थेचं नाव मुद्दाम देत नाही, खाली तक्रारी पण आहेत.

आधी माझं सांगतो. 11 वर्षं दोरावर आहे, म्हणजे अडकलेल्या माणसांना दोरानं बाहेर काढायचं काम, रोप रेस्क्यू. धबधब्याला अडकलेली पोरं, घाटात खाली गेलेली गाडी, आणि आमच्याकडं सगळ्यात जास्त म्हणजे उसाच्या रानातल्या बिनकठड्याच्या विहिरी. त्यामुळं जाताना डोक्यात हेच की मला काय शिकवणार हे, सर्टिफिकेट घ्यायचं आणि यायचं. पहिल्याच दिवशी सर म्हणले, दोन्ही हात खिशात घाला आणि समोरच्याला हार्नेसला (कमरेचा पट्टा) फिगर ऑफ एट, म्हणजे आठाच्या आकाराची गाठ, बांधायला शिकवा. मी म्हणलं त्यात काय, आणि तोंड उघडलं तर "हे असं इकडनं घ्यायचं, मग हे असं..." याच्या पुढं गाडीच जाईना. हात सारखे खिशातनं बाहेर. जी गाठ अंधारात, पावसात भिजत मारतो ती तोंडानं सांगता येईना राव. माझ्याबरोबर बेळगावातनं आलेला दोस्त मागनं हसत म्हणतोय, "काय मर्दा, शिकवालास की नाचालास?"

कोर्स 6 दिवसांचा. दोराचं काम त्यात थोडंच, ते येतंय असं धरूनच चालतात. बाकी सगळं धडा कसा आखायचा, चूक दिसली तर कधी बोलायचं आणि कधी गप बसायचं, परीक्षा कशी घ्यायची, असलं. मला सगळ्यात उपयोगी पडली ती पेटन नावाच्या सर्जनची 4 पायऱ्यांची पद्धत, डॉक्टर लोकांच्या ट्रेनिंगात वापरतात ती. आधी काही न बोलता नेहमीच्या स्पीडनं करून दाखवायचं, मग तेच सावकाश, एकेक तुकडा सांगत. तिसऱ्या वेळी शिकणारा सांगणार आणि आपण करायचं, चौथ्या वेळी तो स्वतः सांगत सांगत करणार.

तिसरी पायरी म्हणजे सोनं आहे. पहिल्या बॅचला 3:1 चं हॉलिंग घेत होतो, म्हणजे पुल्या लावून साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या जोरात वजन वर ओढायचं. 11 मिमीचा स्टॅटिक (न ताणणारा) दोर, खाली वाळूचं पोतं. एक पोरगा फटाफट सांगत होता, "आता प्रुसिक लावा, पुली लावा, ओढा." मी तो सांगेल तेवढंच केलं, प्रुसिकला (मुख्य दोराला वेढे मारून घट्ट पकडणारी बारीक दोरी) एकच वेढा मारला आणि ओढलं. सरकली की सगळी! पोरगं ओरडतंय, "सर, तीन वेढे, तीन!" म्हणलं तू सांगितलास कुठं? पुढच्या तिन्ही बॅचमध्ये मिळून हा वेढ्यांचा विषय मला परत काढावा लागला नाही. आधीचा मी असतो तर त्याच्या हातातनं दोर ओढून घेऊन स्वतःच लावून दिला असता, आणि इतकी वर्षं नवीन पोरांबरोबर मी तेच करत आलोय हे तेव्हा लक्षात आलं.

अँकरचा अँगल पण असाच. अँकर म्हणजे दोर बांधायची पक्की जागा, आणि अँगल म्हणजे दोन अँकरकडं जाणाऱ्या दोरांमधला कोन. बोर्डावर बाण काढून कुणाच्या डोक्यात जात नाही. 20 किलो पाणी भरलेला रंगाचा डबा दोराच्या मधे अडकवला, दोन्ही टोकांना लोंबते वजनकाटे, दोन पोरं धरून उभी. जवळजवळ उभी असताना प्रत्येकाला 10 किलोच्या आसपास. लांब सरकत गेली की 90 अंशाला 14, 120 ला दोघांनाही पुरे 20, आणि 150 पर्यंत जाताना काटा 39 कडं पळतोय आणि पोरांचे हात थरथरायला लागलेत. डबा तोच आहे हां. हा प्रयोग कोर्सात नव्हता, पण "मोजून दाखवा" हे वाक्य तिथलंच.

आता तक्रारी. एक म्हणजे सगळे नोट्स इंग्रजीत, आणि कमांड कुठल्या भाषेत द्यायची यावर एक अक्षर नाही. आमच्या बॅचमध्ये निम्मी पोरं मराठी, निम्मी कन्नड. खाणीत प्रॅक्टिस, शेजारी खडी फोडायचा क्रशर चालू. खालनं बैलहोंगलकडचा एकजण ओरडतोय "ब्याड, ब्याड", म्हणजे नको, आणि वरच्याला ऐकू आलं "बिड", म्हणजे सोड. त्यानं सोडला. स्ट्रेचर कपारीला अडकून तिरकं झालं, बरं तर बरं आत पोतंच होतं. मराठीतला "सोड" पण तसलाच, सावकाश खाली घे की हातातनं सोडून दे? त्या दिवसापासनं शिट्टी. एक म्हणजे थांब, दोन वर, तीन खाली, चार म्हणजे दोरावरनं मोकळा झालो, लांब वाजतच राहिली तर अडचण आहे. शिट्ट्या नवीन नाहीत, जगभर चालतात, पण आमच्याकडं त्या का पाहिजेत हे मला क्रशरनं शिकवलं.

दुसरी म्हणजे विहीर हा शब्दच नाही, सगळे डोंगरकडे आणि खडकात ठोकायचे बोल्ट. उसाच्या फडात बोल्ट कुठं मारणार, तिथं अँकर म्हणजे ट्रॅक्टर. हँडब्रेक, चाकाखाली दगड, आणि किल्ली काढून अँकरवाल्याच्या खिशात, म्हणजे कुणी शहाणा येऊन चालू करणार नाही. विहिरीत डिझेल इंजिन चालवलेलं असेल तर आधी खालची हवा तपासायची, माणूस नंतर. हे सगळं मी माझं माझं घुसडलं.

ज्यांचे निदान तीनचार पावसाळे रेस्क्यूच्या कॉलवर गेलेत त्यांनी डोळे झाकून करा. त्याच्या आधी गेला तर पैसे वाया, कारण सांगायला पोटात काही पाहिजे ना.

एक गोष्ट मात्र कुठलाच कोर्स शिकवत नसावा, ओळखीच्या माणसाला नापास कसं करायचं. दुसऱ्या बॅचला आमच्यातले एक अण्णा होते, मला पहिली गाठ त्यांनीच शिकवलेली. परीक्षेत बॅकअपचा दोर, म्हणजे मुख्य दोर गेला तर माणसाला धरणारा दुसरा दोर, लावायलाच विसरले. मी पास केलं. मान वर करून बघायचं धाडस नव्हतं. पुढच्या रविवारी प्रॅक्टिसला परत तेच. त्या रात्री झोप लागली नाही, सकाळी घरी गेलो आणि सांगितलं की अण्णा, तुमचं पास मी मागं घेतोय. दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग "चहा घे" म्हणले. तीन महिने फोन नाही.

चौथ्या बॅचला स्वतःहून येऊन बसले. आता ट्रॅक्टरची किल्ली त्यांच्याच खिशात असते. मागच्या खेपेला ती घेऊनच घरी गेले, रात्री 9 वाजता ट्रॅक्टरवाला दारात.